बासष्ट किलोंचा फरक

समुद्रातले मासे मोजता येत नाहीत, हे मी केंद्रात नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगते. त्यांचे चेहरे पडले की मग सांगते, आपल्याला पगार तेच मोजण्याचा मिळतो. थायलंडमधल्या सोंगख्लाच्या आमच्या मत्स्यकेंद्रात माझा जन्म गेला. दर वर्षी तीच बोट, त्याच मापाचं जाळं, आखातातली तीच ठरलेली ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी बरोबर एक तास जाळं ओढायचं. तासात जे येईल ते तोलायचं, जातवार निवडायचं आणि पट्टीवर एकेकाची लांबी घ्यायची. मागच्या वर्षी राणी मासा तासाला वीस किलो आला आणि यंदा दहा, तर पाण्यात राणी निम्मी उरली असं धरायचं. लांब मासे कमी आणि बोटाएवढे जास्त, तर समजायचं की इथे कोणाला म्हातारं होऊ देत नाहीयेत. आमचं शास्त्र एवढंच आहे. बाकीची मोठमोठी गणितं नंतर त्याच्यावर चढतात.

म्हणून तासाला फार महत्त्व. पन्नास मिनिटांची खेप आली तर आम्ही ती टाकून देतो, कारण ती धरली की मागच्या सगळ्या वर्षांशी तुलना बिघडते. टाकलेल्या खेपेच्या जागी तक्त्यात कायमचं भोक राहतं. आमचे प्रमुख आचान थाविल यांच्या तक्त्यात एकही भोक नव्हतं. आचान म्हणजे गुरुजी, आणि सगळं बंदर त्यांना त्याच नावाने हाक मारायचं. पाहुणे आले की ते भिंतीवरच्या आलेखावर बोट ठेवून म्हणायचे, "तीस वर्षं झाली. एकही खेप गळलेली नाही." पाहुणे माना डोलवायचे. मीही डोलवायची, कारण काम खरोखरच नेटकं होतं.

ते तिसावं वर्ष कसं पुरं झालं, हे मात्र पाहुण्यांना कोणी सांगत नसे. त्या वर्षी सतराव्या ठिकाणी नुई पाण्यात पडला. नुई आमच्या मागच्या डेकवरचा खलाशी, पंचविशीचा, सतत कोणाची तरी नक्कल करणारा. मी त्या फेरीत नव्हते. धक्क्यावर घसरून माझा घोटा मोडला होता. जे ठाऊक आहे ते आमच्या तांडेलांनी, लुंग पोननी सांगितलेलं. लुंग म्हणजे काका, पण ते कोणाशी काकासारखं गोड बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

समुद्र अगदी शांत होता. जाळं पाण्यात होतं. दोरात अडकलेलं काहीतरी सोडवताना नुई मागून खाली गेला. मागे जाळं असलं की बोट वळत नाही, आधी जाळं उचलावं लागतं. लुंग पोननी जाळं ओढणाऱ्या विंचच्या दांड्याला हात घातला, तेव्हा आचाननी त्यांचं मनगट धरलं.

"किती उरलंय?"

"अकरा मिनिटं, आचान."

"पोहतोय ना तो? रिंग टाका. एवढ्यात कोणी बुडत नाही. खेप फुकट घालवू नका, पोन."

लुंग पोननी हात काढून घेतला. तास भरल्याची घंटी वाजली, जाळं वर आलं, बोट वळली. लाल रिंग तेवढी तरंगत होती.

चौकशी झाली आणि अपघात म्हणून फाइल बंद झाली. लुंग पोन एके सकाळी पा चिनच्या गाडीपुढे जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. पा चिन ही नुईची आई; पा म्हणजे मावशी. धक्क्याच्या फाटकाशी खाव याम विकायची. भात, किसलेलं खोबरं, बारीक चिरलेला पाला आणि वरून माशाचा काळा रस. सगळं केंद्र तिच्या हातचं खाऊन मोठं झालं होतं. तिने ऐकून घेतलं, लुंग पोनना पानात खाव याम बांधून दिला आणि गाडी तिथेच सोडून आचानच्या खोलीत गेली. मी तेव्हा तिथेच टेबलावर आकडे तपासत बसले होते.

"मला भांडायचं नाही," ती म्हणाली. "एक हाड आणून द्या. विहारातले भिक्खू म्हणतात, काहीतरी असल्याशिवाय चिता रचता येत नाही. नुसत्या फोटोला कसा अग्नी देऊ?"

आचान वाईट बोलत नसत. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पा, आखात केवढं आहे ठाऊक आहे का? त्यात एक माणूस सापडायची शक्यता मी तुम्हाला आकड्यात सांगू शकतो. पण ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही."

"नका सांगू मग," पा चिन म्हणाली आणि परत गाडीवर गेली.

पुढच्या वर्षीच्या फेरीला मी होते. निघायच्या सकाळी बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, तीनरंगी फडकी आणि हार बांधतात, बोटीची देवी मे यानांग तिथे असते म्हणून. फटाक्यांची माळ लावून झाली, तेवढ्यात पा चिन मोगऱ्याचा हार घेऊन फळीवरून बोटीत आली. ती नाळेकडे वळलीच नाही. मागच्या डेकवर जाऊन, घडी करून ठेवलेल्या जाळ्याच्या टोकाला, जिथे मासे साठतात त्या पिशवीला तिने हार बांधायला घेतला.

"पा, देवी पुढे असते," आचान हसत म्हणाले.

"देवीला नाही आणला." तिने दाताने दोरा तोडला. "तुम्ही पाण्यातलं सगळं मोजता ना, आचान? मग माझ्या पोरालाही मोजा."

खलाशी इकडेतिकडे बघायला लागले. आचाननी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मोजू, पा. मोजू."

ती उतरल्यावर मला म्हणाले, "राहू दे तो हार. पहिल्याच खेपेत निघून जाईल."

पहिली खेप दुपारी झाली. आमची रीत अशी की पिशवी वर आली की वजनकाट्याच्या आकड्याला लटकलेली असतानाच काटा वाचायचा, मग ती डेकवर मोकळी करायची, मासे टोपल्यांत निवडायचे आणि टोपल्या वेगळ्या तोलायच्या. दोन्ही वजनांत दोन-तीन किलोंचा फरक असतोच, पाण्याचा आणि चिखलाचा. त्या दिवशी काटा एकशे अठ्ठेचाळीस दाखवत होता. टोपल्यांची बेरीज शहाऐंशी आली. मी पुन्हा बेरीज केली. मग टोपल्या पुन्हा तोलायला लावल्या, तेव्हा खलाशांनी आपापसात काय म्हटलं ते मला ऐकू आलं, पण मी सोडून दिलं.

दुसऱ्या खेपेला काटा दोनशे अकरा, टोपल्या एकशे एकोणपन्नास.

मी तांदळाचं पन्नास किलोचं पोतं मागवून आकड्याला लटकवलं. काट्याने पन्नास दाखवले. आमच्या आचाऱ्याने, किटने, ते पोतं खांद्यावर परत नेताना विचारलं, "काय झालं, पी वान? माझ्या भाताचा संशय येतोय का?" पी म्हणजे ताई. मी त्याला काही नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेलाही बासष्ट किलो कमी भरले.

हार निघून गेला नव्हता. तासभर तळावरून घासत येणाऱ्या जाळ्यापुढे दगडसुद्धा टिकत नाहीत, पण तो दोऱ्याला तसाच होता आणि एकही पाकळी काळी पडलेली नव्हती. राणी, माकुळ, काप, वाकट्या यांच्या ढिगातून मोगऱ्याचा वास यायचा. ढीगही नेहमीसारखा पसरत नव्हता. पिशवी मोकळी झाली की मासे चहूकडे सांडायचे आणि मधोमध डेकची एक लांबट पट्टी रिकामी राहायची. बोट कलली तरी त्या जागेत मासा घसरून जात नसे. पहिल्या दिवशी मी ते लक्षात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर खलाशी टोपल्या घेऊन जाताना त्या पट्टीला वळसा घालून जात होते. आमच्याकडे झोपलेल्या माणसाला कोणी ओलांडत नाही.

जेवताना किट बोलायला लागला. "त्या आकड्याला आपण नव्या वर्षाच्या पार्टीत लोंबकळलो होतो, आठवतं का? मी ब्याण्णव भरलो. आचाननाही टांगलं होतं पोरांनी, एकोणऐंशी. आणि नुई ओरडत होता, 'ताजा माल, ताजा माल, बासष्ट किलो...'" तो मधेच थांबला आणि रस्सा वाढायला उठला.

आचान ताटातली माशाची कढी भातावर घेत होते. ते म्हणाले, "तुम्ही सगळे उगाच घाबरताय. चूक कधी कमी कधी जास्त आली, तर ती त्रासाची. ही दर खेपेला सारखीच येतेय. सारखी येणारी चूक सुधारता येते. काट्याच्या आकड्यातून बासष्ट वजा करायचे आणि पुढे जायचं."

लुंग पोननी चमचा खाली ठेवला. "मोजतो म्हणाला होतात, आचान."

"कोणाला?"

लुंग पोन ताट घेऊन उठले.

"वजा करा, वान," आचान मला म्हणाले. मी पेन उचललं नाही. तेव्हा त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि सगळ्या खेपांमधून एकेक करून बासष्ट काढून टाकले, स्वच्छ अक्षरात, खालची बेरीजसुद्धा दुरुस्त केली. मला त्यांचा फार राग आला. ज्या माणसाला एकदा पाण्यात सोडून आले, त्याला हे आता कागदावरून पुन्हा ढकलत होते. वाटलं, याला एकदा ती अकरा मिनिटं कळायला हवीत. तसं वाटल्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही.

त्या दिवसापासून काहीच बदललं नाही, एवढंच की हाराचा वास वाढला. केबिनमध्ये, भातात, माझ्या पट्टीच्या लाकडात मोगरा यायला लागला.

सतराव्या ठिकाणी आम्ही सकाळी उशिरा पोहोचलो. ऊन स्वच्छ होतं, लाट नव्हती. लुंग पोन केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, "हे एक ठिकाण सोडू या, आचान. लोकांची इच्छा नाहीये."

"एकतिसावं वर्ष आहे, पोन."

"भोक पडू दे की एक."

"तुमच्या घरच्या छपराला पडू द्या," आचान म्हणाले. जाळं सोडलं, घड्याळ लावलं. आचान स्वतः मागच्या डेकवर जाऊन उभे राहिले, कोणी हात घालून खेप खराब करू नये म्हणून. मी टेबलापाशी पट्टी पुसत होते. बराच वेळ इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

पडताना त्यांना फक्त किटने बघितलं. तो सांगतो, मागून कोणी नावाने बोलावल्यासारखे आचान वळले, "हां, बोल," म्हणाले आणि मागे पाऊल टाकलं. तिथे डेक नव्हता.

मी धावले तेव्हा ते पाण्यावर होते. किटने रिंग टाकली, ती त्यांच्या हाताशी पडली. मी केबिनकडे बघितलं. लुंग पोननी दांडा केव्हाच ओढला होता. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि चौकशीतही तेच सांगितलं. विंचची मोटर फुल आवाजात फिरत होती. ड्रम हलत नव्हता.

"किती उरलंय?" मी विचारलं.

लुंग पोननी घड्याळाकडे बघितलं. "अकरा."

नुई गेल्यावर आम्हाला मोटरची छोटी होडी मिळाली होती. किट आणि एक खलाशी ती पाण्यात टाकून निघाले. मोटर पहिल्याच झटक्याला सुरू झाली. होडीमागे फेस उठत होता, ती जोरात जात होती. आचान आणि होडी यांच्यातलं अंतर मात्र तेवढंच राहत होतं.

दोघा खलाशांनी जाळ्याच्या तारेवर कुऱ्हाड घातली. कुऱ्हाडीची धार गेली.

आचानचा आवाज पाण्यावरून अगदी स्पष्ट येत होता. "जाळं उचला, पोन. तास राहू दे." मग थोड्या वेळाने पुन्हा, "तास राहू दे, पोन. पोन."

लुंग पोन दोन्ही हातांनी दांडा ओढत होते आणि रडत होते.

"वान, त्यांना सांग ना," आचान म्हणाले.

मी कोणाला काय सांगणार होते?

घंटी वाजली.

लुंग पोननी दचकून दांडा सोडून दिला, आणि ड्रम आपोआप फिरायला लागला. नेहमीच्या वेगाने, न अडखळता.

मागे बघितलं. होडी रिंगेपाशी पोहोचली होती. किट रिंग हातात घेऊन पाण्यात बघत होता.

आम्ही त्या भागात अंधार पडेपर्यंत फिरलो. आसपासच्या मच्छीमार बोटीही आल्या. पिशवी तोपर्यंत आकड्याला तशीच लटकत राहिली, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी मीच काटा वाचला आणि ती सोडायला सांगितलं, कारण मासे कुजायला लागले असते आणि दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

या खेपेला मधली जागा रिकामी नव्हती. माशांच्या मधोमध हाडं होती. एक मांडी, एक नडगी, काही बरगड्या आणि खालचा जबडा, समुद्राने धुऊन काढलेली. मोगऱ्याचा हार त्यांच्यावर पडला होता. नडगी मधे जाड होती, मोडून सांधलेली. फुटबॉल खेळताना नुईने ती मोडून घेतली होती आणि सहा आठवडे प्लास्टरवर सगळ्यांकडून मिश्यांची चित्रं काढून घेतली होती.

आम्ही ती एका टोपलीत ठेवली. खलाशी टोपली उचलायला गेला, उचलेना. दोघांनी धरली, तरी जागची हलली नाही. चौघांनी मिळून ती आकड्याला लावली. मी काटा वाचला. बासष्ट. मग बाकीच्या टोपल्या तोलल्या आणि बेरीज केली. त्या फेरीत पहिल्यांदा दोन्ही वजनं जुळली.

धक्क्यावर पा चिन उभी होती. तिला कोणी कळवलं ते मी विचारलं नाही. टोपली विंचने खाली उतरवावी लागली आणि टेकताना फळ्या करकरल्या. पा चिनने टोपलीवर पदरासारखं ओढलेलं फडकं बाजूला केलं, आत बघितलं, हार नीट केला. मग वाकून तिने टोपली एका हाताने उचलली, खाव यामच्या पातेल्यासारखी कमरेवर घेतली आणि मला विचारलं, "मोजलंत?"

"मोजलं, पा."

ती चालत फाटकातून बाहेर गेली. चिता तिसऱ्या दिवशी झाली. बोटीवरचे सगळे गेले होते.

आचान सापडले नाहीत. सतराव्या ठिकाणची खेप पूर्ण तासाची होती, त्यामुळे तक्त्यात भोक पडलं नाही. आता त्या खोलीत मी बसते. आलेख भिंतीवर आहे आणि पाहुणे आले की मीही त्यावर बोट ठेवते.

दर वर्षी बोट निघायच्या सकाळी आचानच्या पत्नी येतात. फार सभ्य बाई आहेत, आवाज चढवून बोलत नाहीत. हातात मोगऱ्याचा हार असतो. "कुठे बांधू?" त्या विचारतात. लुंग पोन त्यांना हात देऊन पुढे नेतात आणि म्हणतात, "नाळेला बांधा. देवी तिथे असते." पा चिन फाटकाशी खोबरं किसत असते. ती बघते, पण मागच्या पिशवीकडे बोट दाखवत नाही. आम्हीही कोणी दाखवत नाही.

मग पहिली खेप होते, काटा वाचतात, टोपल्या तोलतात, आणि नव्यांपैकी कोणीतरी गोंधळून माझ्याकडे येतं. दर खेपेला एकोणऐंशी किलोंचा फरक कसा काय, असं विचारतं.

मी सांगते, जुनी चूक आहे, सारखीच येते. वजा करा.